मदत हवी आहे: अ‍ॅक्सिअमचं मॉड्यूल सुटं झाल्यावर काय?

नववीच्या मुलांसाठी खासगी अवकाश स्थानकांचा तक्ता करतेय, एका जागी अडलेय. शुभांशु शुक्ला गेले ती मोहीम अ‍ॅक्सिअम या अमेरिकी खासगी कंपनीची, त्यामुळे पोरांना याच कंपनीचं भारी कुतूहल.

आधी त्यांच्या नव्या स्थानकाचं राहण्याचं मॉड्यूल (म्हणजे स्थानकाचा जोडता येणारा भाग) पहिलं जाणार होतं. डिसेंबर २०२४ मध्ये क्रम बदलला: वीज आणि उष्णता सांभाळणारं मॉड्यूल आधी. ते आंतरराष्ट्रीय स्थानकाला जोडायचं, मग सोडवून राहण्याच्या मॉड्यूलशी अवकाशातच गाठ घालायची. जुनं स्थानक २०३० नंतर उतरवायचंय, तेव्हा घाई समजते.

पण मधल्या काळात, एकटं फिरताना, त्याची दिशा आणि उंची कोण सांभाळणार? स्वतःची इंजिनं की दुसरं यान? जाणकारांनी कृपया सोप्या शब्दांत सांगा. साधी आकृती मिळाली तर फारच छान.