मॉनिटर ९१ टक्के दाखवत असताना फ्रिज पहाटे का बंद पडला?

रानवाटा_कोल्हापूर:
नमस्कार. माझ्या जीपमध्ये इंजिनाच्या बॅटरीखेरीज १०० अँपिअर-तासांची एक सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी मागच्या बाजूस आहे. तिच्यावर फ्रिज, दोन एलईडी दिवे आणि पाण्याचा लहान पंप चालतो. तिच्यात किती वीज उरली हे कळावे म्हणून गेल्या महिन्यात मी शंटवाला बॅटरी मॉनिटर बसवून घेतला. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता, प्रवासात पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीनिशी, राधानगरीजवळ मित्राच्या शेतावर मुक्कामास पोहोचलो. आंब्याच्या सावलीत उभी केलेली गाडी रविवारपर्यंत हलवली नाही, आणि सोलर पॅनेल माझ्याकडे नाही. रविवारी पहाटे साडेतीनच्या सुमारास फ्रिज बंद पडला. दूध नासले, मटण मात्र सकाळीच चुलीवर चढवल्यामुळे वाचले. त्या वेळी मॉनिटरवर ९१ टक्के हा आकडा निवांत झळकत होता. दोष मॉनिटरचा, बॅटरीचा की फ्रिजचा?

तारजोड_उद्यमनगर:
तिघांपैकी कोणालाही बदलण्यापूर्वी दोन गोष्टी कळवाव्यात. फ्रिज बंद पडल्यानंतर बॅटरीवर काहीही चालू नसताना मल्टीमीटरने व्होल्टेज मोजले होते का? दुसरे, मॉनिटरवर टक्क्यांऐवजी अँपिअरचा आकडा आणावा आणि दिवे, पंप व फ्रिज एकेक करून लावून प्रत्येक वेळी तो किती होतो हे पाहावे.

रानवाटा_कोल्हापूर:
त्या सकाळी सात वाजता १२.०५ व्होल्ट होते. आज दारात गाडी उभी करून तपासले. दोन्ही दिवे लावल्यावर ०.८, पंप चालू केल्यावर ४.२, आणि फ्रिज लावल्यावर ०.०. कॉम्प्रेसरवर हात ठेवला तर तो थरथरत होता, आकडा मात्र जागचा हलत नव्हता.

तारजोड_उद्यमनगर:
मग मॉनिटर खोटे बोलत नाही; फ्रिजचा करंट त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. शंट म्हणजे ठाऊक असलेल्या अत्यल्प रोधाची धातूची पट्टी. तिच्यातून करंट गेला की दोन टोकांमध्ये काही सूक्ष्म व्होल्टेज पडते, ५०० अँपिअर-५० मिलिव्होल्टच्या शंटवर ४ अँपिअरला जेमतेम ०.४ मिलिव्होल्ट, आणि तेवढ्यावरून मॉनिटर सगळा हिशेब मांडतो. जो करंट शंटला वळसा घालून जातो तो हिशेबात येत नाही. माझा अंदाज असा की फ्रिजच्या सॉकेटची निगेटिव्ह जवळच्या बॉडीच्या बोल्टला दिली आहे (गाडीची धातूची बॉडीच परतीच्या तारेचे काम करते), आणि बॉडीकडून येणारी जाड केबल शंटच्या अलीकडे, थेट बॅटरीच्या टर्मिनलवर आवळली आहे. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गाड्यांत हेच वारंवार दिसते.

आता आकडेमोड करून पाहा. कॉम्प्रेसर ४ अँपिअर घेतो आणि मे महिन्यात साधारण निम्म्याहून किंचित कमी वेळ चालतो असे धरले, तर सरासरी १.८ अँपिअर होतात. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार पहाट हे साडेबत्तीस तास; म्हणजे सुमारे ५८ अँपिअर-तास. दिवे-पंपाचे ९ मॉनिटरने मोजलेलेच आहेत. एकूण ६७ गेले, एक तृतीयांशाच्या आसपास उरले, आणि विश्रांतीनंतरचे १२.०५ व्होल्टही तेच सांगतात. वर सॉकेटपर्यंतची तार दीड चौरस मिलिमीटरची असेल, तर ५ मीटरमध्ये ४ अँपिअरला जवळपास पाव व्होल्ट गळतो, आणि व्होल्टेज फार उतरले की फ्रिज आपोआप बंद होतो, तो त्याच्या स्वतःच्या टोकाशी पोहोचलेल्या व्होल्टेजवरून.

उपाय असा: बॉडीची केबल शंटच्या दुसऱ्या टोकाला न्यावी. बॅटरीच्या निगेटिव्हवर शंटकडे जाणारी एकच केबल उरली पाहिजे. असे केल्यावर अल्टरनेटरकडून बॉडीमार्गे होणारे चार्जिंगही मोजले जाईल, जे आजवर मोजले गेलेले नाही.

मसाईपठार:
वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. केबल बदलल्यावर बॅटरी घरच्या चार्जरवर पूर्ण भरून मगच मॉनिटरला १०० टक्के सांगावे. मॉनिटरच्या सेटिंगमध्ये ‘पूर्ण चार्ज’ ओळखण्याचे व्होल्टेज चार्जरच्या कमाल व्होल्टेजपेक्षा ०.२ ते ०.३ ने कमी ठेवावे आणि शेवटचा करंट (चार्जिंग संपत आल्यावर बॅटरीत जाणारा) क्षमतेच्या ४ टक्क्यांच्या आसपास ठेवावा. नाहीतर अर्ध्या भरलेल्या बॅटरीलाही तो १०० टक्के म्हणू लागतो. शिवाय ५० टक्क्यांवर अलार्म लावावा, कारण लेड-अ‍ॅसिड बॅटरी वारंवार त्याखाली उतरवली की लवकर संपते. पुढे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेण्याचा विचार असेल, तर शंट ठेवावाच. त्या बॅटरीचे व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात १३.२-१३.३ च्या आसपासच घुटमळते, त्यामुळे नुसत्या व्होल्टमीटरवरून काही कळत नाही.

रानवाटा_कोल्हापूर:
अंदाज तंतोतंत खरा निघाला. शंटची केबल आणि बॉडीची केबल अशा दोन थिंबल (केबलच्या टोकाच्या धातूच्या कड्या) एकाच बोल्टखाली आवळलेल्या होत्या. आधी त्या बोल्टवरील दोन्ही केबल सोडवल्या, मग बॉडीची केबल शंटच्या दुसऱ्या टोकाला लावली. आता कॉम्प्रेसर सुरू होताच ४.१ अँपिअर दिसतात. बॅटरी चार्जरवर आहे. सॉकेटची तार मोजली, ती दीडचीच निघाली, म्हणून ४ चौरस मिलिमीटरची आणून ठेवली आहे.