पुटिकांचं ‘विमोचन’? दुसरा शब्द सुचवा

शेवंती
नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी टिपणं मराठीत करतेय आणि दोन दिवस एका वाक्यावर अडले आहे. मी लिहिलं होतं: ‘कॅल्शियम-संवेदी प्रथिने स्रावी पेशींमधील पुटिकांचे विमोचन नियंत्रित करतात.’ पुटिका म्हणजे पेशीतल्या इवल्या पिशव्या, इंग्रजीतल्या व्हेसिकल्स; विमोचन हे ‘रिलीज’चं भाषांतर. आईनं वाचलं. ती तीस वर्षं मराठी शिकवत होती. म्हणाली, “विमोचन पुस्तकाचं करतात, आणि तेही हिंदीत. आपल्याकडे प्रकाशन असतं.” कोशात शब्द आहे म्हटलं, तर म्हणे कोशात असेल, तोंडात कुठाय? ‘उत्सर्जन’ मला मूत्रपिंडाच्या धड्यासाठी राखून ठेवायचंय. काय करू?

तळटीप
विमोचन खुशाल ठेवा. मुच् धातूचा शब्द आहे, हिंदीला आंदण दिलेला नाही. ऋणमोचन चालतं, मग हे का नको? आणि ‘तोंडात नाही’ ही कसोटी पारिभाषिक शब्दाला लावूच नये. ‘चेतापेशी’ तरी कुणाच्या तोंडात होतं? वापरलं, रुळलं.

सूक्ष्मदर्शी
शब्दाचं नंतर बघू, आधी वाक्यच चुकलंय. पुटिका कुठे सुटतच नाही! मज्जातंतूच्या टोकाशी जेमतेम 40 नॅनोमीटर व्यासाच्या पुटिका पेशीपटलाला खेटून तयार असतात. पुटिकेवर सिनॅप्टोब्रेविन, पटलावर सिंटॅक्सिन आणि स्नॅप-25. या तीन प्रथिनांचा पीळ बसायला लागलेला असतो, पण शेवटचा आटा राहिलेला असतो. पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा साधारण दहा हजार पटींनी कमी. संदेश आला की दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि पुटिकेवरच्या सिनॅप्टोटॅग्मिनला चिकटतं. त्या प्रथिनाला दोन हात आहेत म्हणा: एकात कॅल्शियमचे तीन आयन बसतात, दुसऱ्यात दोन. ते बसले की हे हात पटलाला धरतात आणि मिलीसेकंदाच्या आत पुटिका पटलात मिसळून जाते. बाहेर पडतो तो आतला ऐवज. पिशवी घरातच राहते, पुढे तिचं कातडं आत ओढून पुन्हा वापरतात. इंग्रजीतल्या ढिल्या बोलीचं तुम्ही इमानदारीनं भाषांतर केलंत, एवढंच.

दुसरं, ‘कॅल्शियम-संवेदी’ म्हणाल तर मुली गोंधळतील. परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथीच्या पेशींवर याच नावाचा एक ग्राही (रिसेप्टर) आहे. तो पेशीबाहेरचं, रक्तातलं कॅल्शियम मोजतो, आणि ते वाढलं की स्राव *कमी* करतो. अगदी उलटी तऱ्हा. सरळ सिनॅप्टोटॅग्मिन लिहा.

शेवंती
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग ‘पुटिका रित्या होतात’ म्हणू? आणि ‘पुटिका’ तरी बरोबर आहे ना? एका मुलीनं विचारलं, पुटकुळीसारखं काही असतं का.

कोकणकडा
‘पुटिका’पेक्षा ‘पुडी’ घ्या! संस्कृत पुट म्हणजे घडी, खोलगट जागा, पानाचा द्रोण. त्यातूनच पुडा, पुडी, नाकपुडी. औषधाची पुडी बांधलेली मुलींनी पाहिलेली असते. आत माल, वर आवरण, हवी तेव्हा सोडायची.

तळटीप
आणि ‘पुडी सोडणे’ म्हणजे कंडी पिकवणे, त्याचं काय? परीक्षेत ‘मेंदूतल्या पेशी पुड्या सोडतात’ असं उत्तर आलं तर किती गुण द्यायचे? घरगुती शब्दाला घरचे अर्थ चिकटलेले असतात, म्हणून तर परिभाषा वेगळी ठेवतात.

बांधावरून
मला जीवशास्त्र फारसं कळत नाही, पण सूक्ष्मदर्शींनी जे सांगितलं त्याला आमच्याकडे शब्द आहे: पान्हा.

आजीकडे एक कपिला गाय होती. कास तट्ट भरलेली असायची, पण आजी आधी वासरू सोडायची. ते दोनदा ढुशा द्यायचं, चारही सड ओढायचं, आणि मग एकदम सड ताठ व्हायचे. आजी वासराला बाजूला बांधून बोटांना तूप लावून खाली बसायची. म्हणायची, “पान्हवली आता.” दूध आधीपासून आत असतंच, फक्त खूण मिळायची वाट. मडकं पाझरतं, झरा झिरपतो, त्याला कुणाची खूण लागत नाही. ‘स्राव’ म्हटलं की हा फरक बुजतो.

सूक्ष्मदर्शी
हा फरक शास्त्रात तंतोतंत आहे. यकृताच्या पेशी अल्ब्युमिन साठवत नाहीत, तयार होईल तसं सोडत राहतात: तो पाझर. स्वादुपिंडातल्या पेशी इन्सुलिन कणिकांत भरून ठेवतात आणि कॅल्शियम आत आलं की सोडतात: तो तुमचा पान्हा. आणि मला मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे गाईचा पान्हासुद्धा असाच सुरू होतो. वासराच्या ढुशीचा निरोप मेंदूत जातो, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्यूटरी) ग्रंथीत मज्जातंतूंच्या टोकांत कॅल्शियम शिरतं, पुटिका रित्या होतात, ऑक्सिटोसिन रक्तातून कासेत पोचतं.

बांधावरून
आणि गाय पान्हा चोरते तेव्हा? डॉक्टर सुई घेऊन आले की कपिला थेंब द्यायची नाही.

सूक्ष्मदर्शी
भीतीनं अॅड्रिनलीन सुटतं, ते दूध अडवतं. तेही मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथीतल्या पुटिकांतूनच, कॅल्शियमच्याच इशाऱ्यावर.

कोकणकडा
पीयूष म्हणजे मुळात व्यालेल्या गाईचं पहिल्या दिवसांतलं दूध, आपला चीक. म्हणजे ग्रंथीचं नावही गोठ्यातलंच! आणि पान्हा हा ‘प्रस्राव’चाच अपभ्रंश, त्यामुळे स्राव-पान्हा भांडण मिटलंच.

तळटीप
मिटलं नाही. पान्हा प्रस्नवावरून, प्राकृतात पण्हव. धातू स्नु, स्रु नव्हे. शब्द सुंदर आहे हे मान्य, पण त्यात माया आहे. आईला पान्हा फुटतो. भीतीच्या अॅड्रिनलीनला ‘पान्हा’ म्हणायला माझी जीभ वळणार नाही.

शेवंती
आईला दाखवलं. ती म्हणते पान्हा फक्त दुधाचा, बाकी कशाचा नाही. पण ‘विमोचन’ अजूनही नकोच म्हणते. मी तूर्त ‘पुटिका रिती होते’ लिहून पुढच्या धड्याकडे वळलेय.

बांधावरून
शेवंतीताई, आईंना एक विचाराल? आजी ‘पान्हवली’ म्हणायची, माझी बायको ‘पान्हावली’ म्हणते. दोघी एकाच तालुक्यातल्या.