ड्रायिंग बेडला (गाळ वाळवायच्या वाळूच्या वाफ्याला) खालून ब्लोअरची हवा द्यावी का?

जुळे_एसटीपी: सोसायटीच्या एसटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा) गाळ 4 बाय 10 मीटरच्या बेडवर सोडतो, 40 सेंटीमीटर थर. बाराव्या दिवशी वर पोपडी, खाली श्रीखंड! निचऱ्याच्या पाइपातून उलटी हवा मारली तर लवकर वाळेल का? सप्टेंबरचा पाऊस तोंडावर आलाय.

वाळू_खडी: आधी थर 20-25 सेंटीमीटरवर आणा. 25 चा थर म्हणजे 10 घनमीटर. 3 टक्के घन पदार्थ धरले तर 300 किलो सुका माल. निचरा होऊन घन पदार्थांचं प्रमाण 15 टक्क्यांवर आलं की उरतात 2 टन, म्हणजे 8 हजार लिटर पाणी वाळूतूनच जातं. पुढे 40 टक्क्यांपर्यंत उन्हाला उडवायचं फक्त साडेबाराशे लिटर. पाइप पहिल्याच दिवशी आटत असेल तर वाळू चोंदलीय. वरची 2-3 सेंटीमीटर खरवडून धुतलेली वाळू टाका, 0.5 ते 0.75 मिलिमीटरची. क्रश सँडची भुकटी नको, तीच भोकं बुजवते. पॉलिमर (गाळाचे कण गोळा करणारं रसायन) घालत असाल तर हात आखडता ठेवा. जास्त झालं की वाळूवर चिकट साय धरते.

भेगाळ: खालून हवा नकोच. ओली वाळू पाण्याने भरलेली असते. हवा एकाच कमजोर जागी फुटते, कारंजं उडतं, वाळू गाळात मिसळते. वाळल्यावर द्याल तर भेगांतून सुसाट निघून जाईल, ढेकळं आतून ओलीच. पंखा कडेला ठेवून पृष्ठभागावरून वारा द्या, तोही निचरा थांबल्यावर. घनमीटरमागे हवेने 5 ग्रॅम वाफ जरी उचलली तरी साडेबाराशे लिटरला अडीच लाख घनमीटर हवा लागते. ताशी 10 हजार घनमीटरचा पंखा 25 तास. दुपारीच चालवा, दमट रात्री निव्वळ वीजबिल. भेगा पडल्या की रोज दाताळ्याने पोपडी उलटा, वाळूला दात न लावता. हे केलं नाही तर पंखा पोपडीच जाड करतो.

जुळे_एसटीपी: आणि पावसाचं?

वाळू_खडी: 20 मिलिमीटरच्या सरीत तुमच्या बेडवर 800 लिटर पडतं. भेगा खोल असतील तर बरंचसं खाली उतरतं, नुसती पोपडी असेल तर वर तळं. पारदर्शक पत्रा टाका, पण बाजू उघड्या ठेवा. बंद केल्यात तर पत्र्याखाली घाम धरेल आणि थेंब परत गाळावरच पडतील.