जुन्या नाशिकचे फोटो: नाट्यगृहं, पूल, मैदानं यांची सालं कशी ठरवायची? स्कॅन किती डीपीआयला?

गोदाकाठ_संग्रह

एका छोट्या प्रदर्शनासाठी जुन्या नाशिकचे फोटो जमवणं चालू आहे. बहुतेक कृष्णधवल प्रिंट, पोस्टकार्डापासून १० बाय १२ इंचापर्यंत. विषय ठरलेलेच: विजयानंद, कालिदास कलामंदिर, व्हिक्टोरिया पूल, रामकुंड, मेन रोड, गोल्फ क्लबचं मैदान. मागे साल असलं तरी भरवसा नाही, एकाच फोटोच्या दोन प्रतींवर दोन वेगळी सालं आहेत. विचारायचं असं: साल ठरवायची पद्धत काय? २४ बाय ३६ इंचाची प्रत काढायची तर स्कॅन किती डीपीआयला करायचा? फ्रेमच्या काचेला चिकटलेल्या फोटोंचं काय करायचं? थोड्या काचेच्या निगेटिव्हही आहेत.

पाटीवाचक

एकच एक साल शोधायला जाऊ नका. प्रत्येक फोटोला दोन टोकं शोधा: "याच्या आधीचा नाही" आणि "याच्या नंतरचा नाही". मागचं हस्ताक्षर हा पुरावा सर्वात शेवटी. बऱ्याचदा ते फोटो काढल्यावर कित्येक वर्षांनी, अल्बम लावताना लिहिलेलं असतं.

भिंगातून आधी पाट्या वाचा. पत्त्यात ४२२००१ असा सहा आकडी पिनकोड दिसला तर फोटो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. "महानगरपालिका" दिसलं तर १९८२ नंतरचा. उलट "नगरपालिका" दिसलं म्हणून १९८२ पूर्वीचा असं मात्र म्हणू नका, जुन्या पाट्या वर्षानुवर्षं उतरवल्या जात नाहीत. तिकिटाचे दर आण्यांत असतील तर १९५७ च्या आसपासचा किंवा आधीचा. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले आणि दोन्ही नाणी काही वर्षं सोबत चालली. गाडीवर एमएच-१५ असेल तर १९८९ नंतरचा. मारुती ८०० दिसली तर डिसेंबर १९८३ च्या आधीचा असूच शकत नाही. छपरांवर टीव्हीचे अँटेना असतील तर १९७२ नंतरचा, कारण मुंबई दूरदर्शनच त्या वर्षी ऑक्टोबरात सुरू झालं. घोड्यांची ट्राम दिसली तर उलटं टोक मिळतं: नाशिक रोडची ट्राम १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली.

सिंहस्थाचे फोटो त्यातल्या त्यात सोपे. १९५६, १९६८, १९८०, १९९१, २००३, २०१५ यांतलं कुठलं ते मंडप, कपडे, गाड्या यांवरून वेगळं काढता येतं. पुराच्या फोटोंत मात्र घोळ फार. पाण्यात बुडालेला रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती दिसला की लोक डोळे झाकून "१९६९ चा महापूर" लिहून मोकळे होतात. २००८ आणि २०१९ लाही गोदावरीला मोठे पूर आले होते, आणि आजकाल कोणताही रंगीत फोटो कृष्णधवल करून फिरवला जातो.

कागदपारखी

वरचं सगळं मान्य. पण ती फोटोतल्या दृश्याची तारीख झाली, हातातल्या प्रिंटची नव्हे. १९३० च्या निगेटिव्हवरून १९७५ मध्ये काढलेली प्रत सर्रास सापडते. म्हणून फोटो उलटा करून कागद बघा.

मागे फिकट छापलेलं नाव असतं, ते तिरप्या उजेडात दिसतं. "आग्फा-गेव्हर्ट" असं जोडनाव असेल तर १९६४ नंतरचा कागद, कारण दोन कंपन्या तेव्हा एकत्र आल्या. "ऑर्वो" हे नावही १९६४ चंच. "इंदू" म्हणजे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा माल, त्यांचं उत्पादन १९६७ ला सुरू झालं. कडेला फाटलेल्या जागी प्लॅस्टिकचा पातळ थर दिसत असेल, कागद ओला केल्यासारखा गुळगुळीत लागत असेल, तर तो रेझिन-कोटेड कागद. १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तो बाजारात नव्हता. जुना, प्लॅस्टिकचा थर नसलेला फायबर कागद हवेत वळतो आणि त्याच्या गडद भागात आरशासारखी निळसर चकाकी येते. ही चांदी वर आलेली असते. पुसून जात नाही, पुसू नका.

प्रदर्शनात "फोटो अंदाजे १९३५, प्रत १९७० नंतरची" असं लिहिलं तर कुणी बोट ठेवणार नाही.

उजवाकाठ

एक तपासणी सगळ्यांच्या आधी करा: फोटो उलटा तर छापलेला नाही ना? निगेटिव्हची बाजू चुकली की डावं-उजवं बदलतं, आणि पाटी नसेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही. गोदाकाठावर ओळखायची खूण सोपी. पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून उभं राहिलं की पंचवटी डाव्या हाताला आणि जुनं नाशिक उजव्या हाताला. नारोशंकर मंदिर पंचवटीच्या काठाला, सुंदरनारायण मंदिर समोरच्या. व्हिक्टोरिया पुलाच्या फोटोत सुंदरनारायण पंचवटीच्या बाजूला दिसलं तर प्रिंट उलटी.

सावल्यांचा उपयोग होतो, पण जपून. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे साधारण २० मे ते २३ जुलै या काळात दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. त्या काळातला फोटो असेल तर "सावली म्हणजे उत्तर" हा नियम फसवतो.

नावंही बघा. व्हिक्टोरिया पूल आता अहिल्यादेवी होळकर पूल, गोल्फ क्लब आता हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. ओळीत दोन्ही नावं द्या, नाहीतर तरुण प्रेक्षकाला जागाच कळत नाही.

गोदाकाठ_संग्रह

विजयानंदच्या एका फोटोमागे "१९०९, जॅक्सन" असं लिहिलंय, पण दर्शनी भिंतीवर सिनेमाचं मोठं पोस्टर आहे. आणि कालिदासच्या आतल्या फोटोंचं साल कसं लावायचं? सगळे सारखेच दिसतात.

पाटीवाचक

नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याचा वध विजयानंदमध्ये झाला, २१ डिसेंबर १९०९, "शारदा" नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी. घटना खरी, वास्तूही तीच. पण तेव्हा तिथं नाटकं व्हायची, सिनेमाचं पोस्टर असलेला फोटो नंतरचाच. कुणीतरी इमारत ओळखली आणि तिच्यातली सर्वात गाजलेली तारीख मागे लिहिली. सगळ्याच गाजलेल्या जागांच्या फोटोंचं असं होतं. पोस्टरवर "टॉकीज" शब्द असेल तर १९३१ नंतरचा. सिनेमाचं नाव वाचता आलं तर प्रदर्शनाचं वर्ष काढा, पण ते फक्त खालचं टोक. पुण्या-मुंबईत चालून झालेली प्रिंट नाशकात उशिरा यायची, आणि चाललेला सिनेमा मॅटिनीला पुन्हा पुन्हा लागायचा. पाच-दहा वर्षांची ढिलाई ठेवाच.

कालिदासला मोठा टप्पा म्हणजे स्मार्ट सिटीतून झालेलं २०१७-१८ चं नूतनीकरण. आतल्या फोटोत माणसं बघत बसू नका. खुर्च्या, छत, भिंतींचं आवरण, स्पीकरच्या जागा बघा, आणि तारीख पक्की असलेला नूतनीकरणाआधीचा एक आणि नंतरचा एक फोटो शेजारी ठेवून मिळवा. रंगमंचावर फलक असेल तर सर्वात उत्तम, कार्यक्रमाची तारीख दैनिक "गावकरी"च्या जुन्या फायलींत सापडू शकते.

सपाट_स्कॅनर

२४ बाय ३६ चं गणित: ४ बाय ६ चा प्रिंट सहापट मोठा होणार. चार-पाच फुटांवरून बघायच्या प्रतीला १५० डीपीआय (इंचाला १५० ठिपके) पुरतात, म्हणजे स्कॅन ९००. पण छोट्या प्रिंटमध्ये ६०० च्या पुढे सहसा नवा तपशील मिळत नाही, फक्त कागदाचे दाणे मोठे होतात. तेव्हा अशा प्रिंटची १६ बाय २४ हीच प्रामाणिक मर्यादा. २४ बाय ३६ हवं असेल तर निगेटिव्ह शोधा. ६ बाय ६ सेंटिमीटरची निगेटिव्ह २४०० डीपीआयला ५,३०० पिक्सेलच्या आसपास देते, ३५ मिमीची ३२०० ते ४००० डीपीआयला स्कॅन करा.

कृष्णधवल प्रिंटही रंगीत मोडमध्ये, टिफमध्ये स्कॅन करा. पिवळेपणा, डाग, शाईचा शिक्का ही माहिती ग्रेस्केलमध्ये जाते. ८ बाय १० चा प्रिंट ६०० डीपीआयला २४-बिटमध्ये सुमारे ८६ एमबी होतो, डिस्क त्या हिशेबानं घ्या. स्कॅनरमधलं "डस्ट रिमूव्हल" आणि "शार्पन" बंद. मागची बाजू वेगळी स्कॅन करा, ती लोक हमखास विसरतात. वर्तमानपत्रातून कापलेल्या फोटोला ठिपके असतात. त्यावर लहरी उमटल्या तर "डीस्क्रीन" फक्त कामाच्या प्रतीवर वापरा, मूळ फाइलवर नाही.

चांदीची चकाकी असलेले प्रिंट स्कॅनरवर निळसर-पांढरे येतात. ते कॅमेऱ्यानं घ्या: दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर दिवे, दिव्यांवर पोलरायझिंग शीट, लेन्सवर फिरता पोलरायझर. फिल्टर फिरवताना चकाकी विझते तो कोन धरा.

काचेला चिकटलेला फोटो ओढायचा नाही, पाण्यात बुडवायचा तर मुळीच नाही. जिलेटिनचा थर काचेवरच राहतो आणि कागद हातात येतो. काचेसकट फोटो घ्या. कॅमेऱ्यासमोर काळं कापड, लेन्सपुरतं भोक, खोलीत बाकी उजेड नको. आधी काच बाहेरून कोरड्या मऊ कापडानं पुसा, फवारा मारू नका, कडेतून आत झिरपतो. पावसाळा संपेपर्यंत फ्रेम उघडूही नका, दमट जिलेटिन जास्त चिकटतं.

काचेच्या निगेटिव्ह कडेनंच धरा. निस्तेज बाजू म्हणजे इमल्शन, चित्र असलेला थर, तिला बोट लागता कामा नये. स्कॅनरला फिल्मचं झाकण नसेल तर लाइटपॅडवर ठेवून कॅमेऱ्यानं घ्या. तडकलेल्या प्लेटला सेलोटेप किंवा फेविक्विक नको, तुकडे आहेत तसे मांडून घ्या, जोड संगणकावर. ठेवताना प्रत्येक प्लेट साध्या कागदात गुंडाळून लांब कडेवर उभी. एकावर एक रचल्या की खालच्या फुटतात.

कलम_सतरा

हक्कांचं कुणी काढलं नाही. प्रिंट तुमच्याकडे आहे म्हणून हक्क तुमचा होत नाही. १९५७ चा कायदा जानेवारी १९५८ पासून लागू झाला, त्याआधी काढलेल्या फोटोंची मुदत निगेटिव्हपासून ५० वर्षं होती, ती संपली असं साधारण धरतात. नंतरच्या फोटोंना २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे १९८० च्या दशकातले जवळपास सगळे हक्कात. पैसे देऊन काढून घेतलेला फोटो असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक काढून घेणारा. त्यामुळे स्टुडिओचा शिक्का दिसला तरी आधी विचारा, फोटो कुणी काढून घेतला होता.

गोदाकाठ_संग्रह

फोटोमागे क्रमांक लिहायला काय वापरू? बॉलपेन उमटतंय.

कागदपारखी

४बी किंवा ६बी पेन्सिल, हलक्या हातानं, फोटो सपाट काचेवर पालथा ठेवून, कडेच्या कोऱ्या पट्टीत. रेझिन-कोटेडवर पेन्सिल धरत नाही, तिथं क्रमांक कागदी पाकिटावर लिहा, आणि तो फोटो आत जाण्याआधी लिहा. स्कॅनच्या फाइलला तोच क्रमांक द्या, साल नको. साल पुढे बदलणारच आहे.