१२ जानेवारीचे फ्लेक्स: गावाच्या ग्रुपवरची चर्चा

सरपंच ताई: नमस्कार मंडळी. जिजाऊ जयंतीला ग्रामपंचायतीच्या ओट्यावर कर्तबगार महिलांचं प्रदर्शन लावायचं ठरलं. फ्लेक्स आठ, प्रत्येकी ३ बाय ४ फूट. मजकूर ५ तारखेपर्यंत हवा. कोणाकोणावर करायचं ते इथंच ठरवा. आज ग्रुपवर गुड मॉर्निंगचे फोटो टाकू नका.

युवक मंडळ दादा: जिजाऊ, सावित्रीबाई, अहिल्यादेवी, झाशीची राणी, रमाई, इंदिराजी, मदर तेरेसा, कल्पना चावला. झाले ना आठ. मागच्या वर्षीची फाइल तयारच आहे, तारीख बदलली की काम फत्ते.

गुरुजी: या आठही जणी शाळेच्या व्हरांड्यात लटकल्या आहेत, पोरं रोज पाहतात. सावित्रीबाईंचा कार्यक्रम ३ तारखेला शाळेत वेगळा आहेच. जिजाऊ राहू द्या, बाकी सात विदर्भातल्या घ्या. रिद्धपूरचं नाव या गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे, पण त्या गावाशी जोडलेल्या दोन बायांची नावं कोणी सांगू शकणार नाही.

किराणा भाऊ: विदर्भातल्या म्हणता तं रुक्मिणी घ्या ना जी. कौंडिण्यपूर आपलंच हाय.

ग्रंथपाल ताई: भाऊ, रुक्मिणी पुराणातली. तिचं देऊळ आहे, यात्रा आहे, तिला फ्लेक्सची गरज नाही. इथं ज्यांचा कागद, ताम्रपट किंवा बांधकाम मागे राहिलं त्याच घेऊ. माझी यादी: प्रभावतीगुप्ता, महदंबा, जिजाऊ, राणी हिराई, ताराबाई शिंदे, कमलाताई होस्पेट, जाईबाई चौधरी, आणि १९४२ च्या नागपूर महिला परिषदेच्या अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे.

युवक मंडळ दादा: पहिलीचं तं नावच नाही ऐकलं. नेटवर पाहिलं, तिथं "पुणे ताम्रपट" लिहून आहे. मंग ती विदर्भातली कशी?

गुरुजी: इथंच सगळे फसतात. ताम्रपट पुण्यात उजेडात आला म्हणून ते नाव. दिला गेला नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. प्रभावती ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, विदर्भातल्या वाकाटक घराण्याचा राजा दुसरा रुद्रसेन याची राणी. नवरा लवकर गेला, मुलगा दिवाकरसेन लहान. पुणे ताम्रपट त्याच्या नावानं चाललेल्या कारभाराच्या १३ व्या वर्षाचा आहे आणि त्यातही तो "युवराज"च आहे. म्हणजे निदान १३ वर्षं राज्य आईच्या हातात होतं. तिचे तीन ताम्रपट महत्त्वाचे: पुणे, रिद्धपूर आणि भंडारा जिल्ह्यातला मिरेगाव. रिद्धपूरचा ताम्रपट धाकटा मुलगा दुसरा प्रवरसेन याच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी दिलेला, रामगिरीस्वामीच्या पायाशी, म्हणजे रामटेकला. त्यात दान काय दिलं, तर एक शेत, शेतातलं घर आणि शेतकऱ्यांच्या चार झोपड्या.

ग्रंथपाल ताई: आणखी एक लिहा. तिनं आपल्या लेखात वंशावळ सासरची नाही, माहेरच्या गुप्तांची दिली, आणि गोत्रही बापाचं, धारण. वाकाटकांचं गोत्र विष्णुवृद्ध. दीड हजार वर्षांपूर्वी राजमुद्रेच्या कागदावर बापाचं कूळ लावणारी बाई, हे पोरींना वाचू द्या.

किराणा भाऊ: पण त्या पुणे ताम्रपटात तं तिनं आचार्याले गाव देलं म्हणते, यात समाजासाठी काय केलं मॅडम? सरळ इचारतो.

गुरुजी: सरळच उत्तर देतो. पुणे ताम्रपटात कार्तिक शुद्ध द्वादशीला दंगुण नावाचं गाव चनालस्वामी या आचार्याला दिलं आहे. आदेश त्या गावातल्या शेतकरी कुटुंबप्रमुखांना आणि ब्राह्मणांना उद्देशून आहे. सवलतींची यादी अशी: गावात शिपाई शिरणार नाहीत. दौऱ्यावरच्या सरकारी माणसांना गवत, बसायला कातडी आणि कोळसा पुरवायचा नाही. फुलं आणि दूध द्यायचं नाही. मद्य विकत घेण्याचा आणि मीठ खणण्याचा राजाचा खास हक्क इथं चालणार नाही. खाणी आणि खैराची झाडं यांच्यावरही राजाचा हक्क नाही. आता नीट समजून घ्या, करमाफी गावाला मिळाली नाही, कर राजाऐवजी आचार्याकडे वळले. गावाचा फायदा एवढाच की दौऱ्यावरच्या साहेबांची सरबराई सुटली. आणि उलट अंगानं वाचलं तर ज्या गावांना ही सूट नव्हती त्यांना काय काय द्यावं लागत होतं त्याची ही पावतीच आहे. म्हणून "दानशूर महाराणी" असं लिहू नका. "राज्य चालवलं, सही तिची चालली" एवढं खरं आहे. हा उतारा बारावीच्या एनसीईआरटीच्या इतिहासात आहे, कॉलेजच्या पोरांना तिथूनच वाचायला लावा.

प्राध्यापक ताई: एक सावधगिरी. काही ठिकाणी "प्रभावती १०० वर्षांहून जास्त जगली" असं छापलं आहे. ते रिद्धपूर ताम्रपटातल्या एका सामासिक शब्दावरून काढलेलं अनुमान, त्याच्या अर्थावर अभ्यासकांचं एकमत नाही. फ्लेक्सवर घेऊ नका. आणि चित्र? तिचं चित्र नाही. मोबाइलवर बनवलेली मुकुटवाली राणी टाकली तर सगळा फ्लेक्स वाया. ताम्रपटाच्या ठशाचा फोटो इतिहास संशोधक वा. वि. मिराशींच्या वाकाटक लेखांच्या खंडात आहे. नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा निघाली, ब्राह्मी अक्षरं आणि शंख असलेली. त्याबद्दल एक ओळ ठेवा.

सरपंच ताई: बाप रे. एकाच फ्लेक्सवर एवढं मावणार का?

फ्लेक्सवाले भाऊ: नाही मावत ताई. ३ बाय ४ मध्ये ६० ते ७० शब्द, त्याच्या वर गेलं की कोणी वाचत नाही. नाव २०० पॉइंट, मजकूर ६० पॉइंट, म्हणजे सहा फुटांवरून म्हाताऱ्या माणसालाही दिसते. काळ्यावर पिवळी अक्षरं नका सांगू, दुपारी ओट्यावर ऊन येते, चकाकते. फोटो व्हॉट्सअपवर फोटो म्हणून पाठवला की बारीक होऊन येतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवजा. पुस्तकातल्या पानाचा फोटो घेताना फ्लॅश बंद, पान खिडकीजवळ सपाट दाबून, मोबाइल वरून सरळ.

युवक मंडळ दादा: मजकूर इथंच टाइप करून देतो मंग.

फ्लेक्सवाले भाऊ: द्या, पण माझ्याकडं डिझाइनचं कोरल सॉफ्टवेअर जुनं आहे. युनिकोड टाकलं की रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडते, "दुर्गा"चं भलतंच होते. मजकुरासोबत पीडीएफ द्या, मी अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे चित्रासारखी पक्की करून घेतो. छापायच्या आधी ए-फोर कागदावर प्रिंट काढून गुरुजींकडं पाठवतो, त्यांची सही आली तरच मशीन चालू.

ग्रंथपाल ताई: महदंबेचा फ्लेक्स छोटाच पुरे. तेरावं शतक, महानुभाव पंथ. रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाचा खेळ मांडला गेला, त्यात म्हणायला तिनं श्रीकृष्ण-रुक्मिणी विवाहाचे धवळे, म्हणजे लग्नातली गाणी रचली. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून तिचं नाव घेतात. लीळाचरित्रात चक्रधरांना सारखे प्रश्न विचारणारी बाई तीच. भाऊ, तुमची रुक्मिणी इथं आली बघा.

किराणा भाऊ: मंग ठीक हाय.

गुरुजी: जिजाऊंच्या जुन्या फाइलीत "राजगडावर निधन" आहे, ते दुरुस्त करा. जन्म १२ जानेवारी १५९८, सिंदखेडराजा, जिल्हा बुलढाणा. वडील लखुजी जाधव. निधन १७ जून १६७४, रायगडाच्या पायथ्याला पाचाड. राज्याभिषेक ६ जूनचा, म्हणजे ११ दिवसांनी. सोन्याचा नांगर टाकायचा तर "परंपरा सांगते" असं लिहा. त्यापेक्षा १६६६ लिहा. महाराज आग्र्याला गेले तेव्हा मागचा कारभार जिजाऊंच्या देखरेखीखाली होता. नुसत्या "आदर्श माता" लिहिण्यात त्यांचं राज्यकारभाराचं डोकं झाकून जाते.

प्राध्यापक ताई: राणी हिराई: चंद्रपूरच्या गोंड राजा बीरशहाची राणी. नवरा मारला गेल्यावर रामशहाला दत्तक घेऊन तिनं कारभार चालवला. बीरशहाची समाधी आणि महाकालीचं मंदिर तिनं बांधलं. फक्त एक घोळ होऊ देऊ नका, राणी दुर्गावती वेगळी. ती गढा-मंडल्याची, १५६४ मध्ये अकबराच्या फौजेशी लढताना गेली. दोघी गोंड राण्या म्हणून नेटवरचा फोटो हमखास बदलतो.

ग्रंथपाल ताई: ताराबाई शिंदे माझ्याकडं. बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क, घर सत्यशोधक विचारांचं. १८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बाळाच्या हत्येबद्दल फाशी सुनावली, पुढं अपिलात ती शिक्षा कमी झाली. त्यावर वर्तमानपत्रांत बायकांच्या नीतीवर जो गदारोळ उठला त्याला उत्तर म्हणून "स्त्रीपुरुष तुलना", १८८२, पुण्याचा श्री शिवाजी छापखाना, ५०० प्रती, किंमत नऊ आणे. मुद्दा रोखठोक: बायको मेली की पुरुष लगेच दुसरी करतो, नवरा मेला की बाईचं तोंड काळं का? टीका इतकी झाली की जोतिराव फुल्यांनी १८८५ मध्ये आपल्या "सत्सार" या पुस्तिकेत तिची बाजू घेतली. पुढं पुस्तक विस्मरणात गेलं, १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापून आणलं. चेहऱ्याच्या जागी पुस्तकाचं पहिलं पान लावा.

आशा ताई: कमलाताई होस्पेटचं मी लिहिते. लहान वयात विधवा, नर्सिंग शिकल्या, १९२१ मध्ये वेणूताई नेने यांच्यासोबत नागपुरात मातृसेवा संघ सुरू केला. पण फ्लेक्सवर "प्रसूतिगृह काढलं" एवढंच लिहिलं तर आजच्या पोरींना त्याचं मोल कळत नाही. तेव्हा बाळंतपण अंधाऱ्या खोलीत, जुनेऱ्यावर, नाळ घरातल्या विळ्यानं कापायची आणि वर राख नाहीतर शेण. शेणातून धनुर्वाताचे जंतू जातात, आठवड्याभरात बाळ आखडून जाते. पुढं दायांना शिकवलेल्या पाच स्वच्छता खाली चौकटीत द्या: हात, जागा, पातं, नाळ बांधायचा दोरा आणि कापलेली नाळ, सगळं स्वच्छ, नाळेवर काही लावायचं नाही. आता बाळंतपण दवाखान्यातच, हे मोठ्या अक्षरात.

सरपंच ताई: चौकट पक्की. हे अंगणवाडीतही लावू नंतर.

गुरुजी: शेवटच्या दोघी शेजारी शेजारी लावा, दोन्ही फ्लेक्स नागपूरचे. जाईबाई चौधरी उमरेडच्या, दलित घरातल्या, हमाली केलेली बाई. शिकून १९२२ मध्ये संत चोखामेळा कन्याशाळा काढली. आणि २० जुलै १९४२, मोहन पार्क: दलित महिलांची परिषद, अध्यक्ष सुलोचनाबाई, बाबासाहेबांसमोर. ठराव वाचले तर थक्क व्हाल. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरणीतल्या बायांना वर्षाला २१ दिवस किरकोळ रजा, दुखापतीची भरपाई, २० वर्षं नोकरीनंतर महिन्याला १५ रुपये पेन्शन. फ्लेक्सवर भाषणबाजी नको, ठराव ओळीनं लिहा.

युवक मंडळ दादा: हे लय भारी आहे गुरुजी. मी १५ रुपयेवाली ओळ वर घेतो, लोक थांबतीन.

ग्रंथपाल ताई: घे. पण "महान", "थोर", "वंदनीय" शोधून काढून टाक. तेवढ्या जागेत एकेक तारीख मावते.

फ्लेक्सवाले भाऊ: आयलेट, म्हणजे बांधायच्या कड्या, दीड दीड फुटावर मारतो, फक्त चार कोपऱ्यांना मारले की वाऱ्यानं मधून फुगते आणि फाटते. मागून लाकडी पट्टी तुम्ही लावा. एक सांगा, मिरेगाव का मिरगाव? दोन मेसेज दोन तऱ्हेचे आले.

ग्रंथपाल ताई: मिरेगाव. आणि ताराबाईंच्या फ्लेक्सवर तुमच्या पोरानं १९८२ टाकलं, ते १८८२ करा.

फ्लेक्सवाले भाऊ: केलं. ए-फोर गुरुजींकडं पाठवला.