०.१ ग्रेन दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा खरोखर किती अचूक असतो?

काटेकोर (प्रश्न)

नमस्कार. काडतुसांच्या पुनर्भरणासाठी पावडर तोलायला माझ्याकडे दोन इलेक्ट्रॉनिक काटे आहेत. दोन्हींच्या माहितीपत्रकात क्षमता १५०० ग्रेन (ग्रेन हे वजनाचे लहान एकक, सुमारे ०.०६५ ग्रॅम) आणि अचूकता अधिक-उणे ०.१ ग्रेन अशी दिलेली आहे, आणि दोन्ही काटे मी त्यांच्याबरोबर आलेल्या वजनांनी कॅलिब्रेट केलेले आहेत. तरीही पहिल्या काट्यावर ४३.० ग्रेन भरलेली पावडर दुसऱ्यावर ठेवली की कधी ४२.८ भरते, कधी ४२.९, आणि काही वेळाने तीच पावडर पहिल्या काट्यावर परत ठेवली तर तिथेही आकडा ४३.१ झालेला असतो. यातला कोणता काटा खरा मानावा? ०.०२ ग्रेनपर्यंत दाखवणारा महाग काटा घेतल्याने हा प्रश्न सुटतो का, की तिथे फक्त एक आकडा जास्त दिसतो? रायफलबरोबर मी पिस्तुलाची काडतुसेही भरतो आणि त्यांत पावडर जेमतेम ४ ग्रेन असते, त्यामुळे काळजी अधिक वाटते.

तोलूनमापून

आधी एक गैरसमज दूर करतो. आपण सांगितलेले दोन्ही काटे आपापल्या माहितीपत्रकाप्रमाणे निर्दोष असू शकतात. एक ०.१ ग्रेनने जास्त आणि दुसरा ०.१ ग्रेनने कमी दाखवत असेल, तर दोघांत ०.२ ग्रेनचा फरक पडेल आणि तरी दोघेही दिलेल्या मर्यादेत राहतील. शिवाय पडद्यावर ४३.० दिसते तेव्हा खरा आकडा ४२.९५ ते ४३.०५ यांच्या मधला कोणताही असू शकतो, कारण पुढचे अंक काटा स्वतःच पूर्णांकित करून टाकतो. काटा किती बारीक फरक दाखवतो, तेच वजन पुन्हा ठेवल्यावर तोच आकडा देतो का, आणि तो आकडा खऱ्या वजनाशी जुळतो का, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरातीत ठळक अक्षरांत असते ती बहुधा पहिलीच.

०.१ ग्रेन म्हणजे सुमारे ६.५ मिलिग्रॅम. १५०० ग्रेन क्षमतेच्या काट्याने ०.१ ग्रेन ओळखणे म्हणजे पंधरा हजारांत एक भाग ओळखणे. स्वस्त काट्यांत हे काम लोड सेल करतो: ॲल्युमिनियमची एक छोटी पट्टी वजनाने किंचित वाकते आणि तिच्यावर चिकटवलेल्या विकृतिमापकांचा विद्युतरोध त्याबरोबर बदलतो. पट्टी, चिकटवण्याचा थर आणि आतले परिपथ या सगळ्यांवर तापमानाचा परिणाम होत असल्यामुळे काटा सुरू केल्यावर अर्धा तास तरी तापू द्यावा, आणि पंख्याचा वारा, खिडकीतले ऊन, शेजारी ठेवलेला मोबाइल या तिन्हींपासून तो दूर ठेवावा. वजन बराच वेळ पारड्यावर राहिले तर पट्टी हळूहळू आणखी थोडी वाकते, त्यामुळेही आकडा सरकतो. आपला ४३.० चा ४३.१ झाला, त्यामागे यांपैकीच एखादे कारण असण्याची शक्यता जास्त आहे.

कोणता काटा खरा, हे एका काट्यावरून दुसऱ्याला तपासून कधीच कळणार नाही. त्यासाठी प्रमाण वजने लागतात, आणि काट्याबरोबर मिळालेले ५० ग्रॅमचे एकच वजन पुरेसे नसते, कारण आपण तोलतो ती पावडर ३ ग्रॅमच्याही आत असते. ज्या पट्ट्यात तोलायचे, त्याच पट्ट्यात तपासायचे. प्रमाण वजनांचे अचूकतेनुसार वर्ग असतात. त्यांतल्या ‘एम १’ वर्गाच्या २ ग्रॅम वजनात अधिक-उणे १.२ मिलिग्रॅम इतकी चूक चालते, म्हणजे ०.०२ ग्रेनहूनही किंचित कमी, ०.१ ग्रेनच्या काट्याला ते वजन उत्तम. मात्र ०.०२ ग्रेनचा काटा तपासायला तेच वजन निरुपयोगी आहे, कारण वजनातली चूक आणि काट्याचा एक विभाग जवळजवळ सारखेच होतात. तिथे अधिक काटेकोर ‘एफ १’ वर्गाचे वजन घ्यावे. त्या वर्गात २ ग्रॅमला ०.१२ मिलिग्रॅम एवढीच सूट असते.

एक बारकावा. २ ग्रॅम म्हणजे ३०.८६५ ग्रेन, म्हणजे ३०.८ आणि ३०.९ यांच्या सीमेला अगदी लागून. त्यामुळे चांगला काटाही त्या वजनाला आलटून पालटून दोन्ही आकडे दाखवेल आणि आपण त्यालाच दोष देत बसाल. २ आणि १ ग्रॅमची वजने एकत्र ठेवा, ती ४६.२९७ ग्रेन भरतात आणि ४६.३ च्या जवळजवळ मध्यावर येतात. तिथे आकडा हलला, तर काटा सुमारे ०.०५ ग्रेन तरी सरकला आहे असे समजावे. पिस्तुलाच्या पावडरीसाठी २०० मिलिग्रॅमचे वजन घ्या, ते ३.०९ ग्रेन भरते. वजने चिमट्यानेच उचलावीत. बोटांचा तेलकटपणा वजनात भर घालतो.

दाणा_दाणा

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. पण पावडर तोलताना होणारी सर्वांत मोठी फसगत वजने ठेवून तपासल्यावर दिसतच नाही, म्हणून वेगळे लिहितो.

बहुतेक इलेक्ट्रॉनिक काट्यांत शून्य आपोआप सांभाळण्याची सोय असते. तापमानामुळे शून्य हळूहळू सरकू लागले की काटा तो सरकलेला आकडा गुपचूप शून्य मानतो. काही काट्यांत स्थिरावलेला आकडाही अशाच रीतीने धरून ठेवला जातो. आता तुम्ही ट्रिकलरने (थोडी थोडी पावडर सोडणाऱ्या उपकरणाने) दाणा दाणा टाकता, तेव्हा काट्याच्या दृष्टीने वजन अत्यंत सावकाश वाढत असते, आणि पावडर पडते आहे की आपणच सरकतो आहोत हे त्याला ओळखता येत नाही. नळीदार रायफल पावडरीचा एक मोठा दाणा साधारण ०.०२ ग्रेनचा असतो. असे पाचसहा दाणे पडले तरी आकडा ४२.९ वरून हलत नाही, पण पारडे उचलून परत ठेवले की एकदम ४३.१ दिसतो. हा ०.२ चा फरक काट्याच्या अचूकतेत कुठेच लिहिलेला नसतो.

उपाय साधा आहे. शेवटचे दाणे टाकल्यावर पारडे उचला, क्षणभर थांबा, पुन्हा ठेवा, आणि जो आकडा येईल तोच खरा धरा. पारडे उचलल्यावर पडद्यावर जो उणे आकडा दिसतो त्यावरही नजर ठेवा. माझ्या काट्यावर रिकामे पारडे शून्य केल्यावर ते उचलले की उणे १५२.३ दिसते, आणि तो आकडा मी टेबलालाच चिकटवून ठेवला आहे. तो १५२.१ किंवा १५२.५ झाला की पावडर कितीही नीट तोललेली असली तरी शून्य सरकले आहे हे पुढची पुंगळी भरण्याआधीच कळते. याला ना जास्तीचे वजन लागते ना जास्तीचा वेळ, तरी लोक हे करत नाहीत, याचे मला नेहमीच नवल वाटते.

हवा कोरडी असेल तर स्थिर विद्युतही तपासा. पावडरीच्या दाण्यांवर ग्राफाइटचा लेप असतो, त्यामुळे त्यांवर विद्युतभार कमी साचतो. पण प्लास्टिकचे पारडे किंवा फनेल स्वतःच विद्युतभारित होते आणि शेजारच्या झाकणाकडे ओढले जाते. हात जवळ नेताच आकडा नाचू लागला, तर कारण बहुधा हेच. धातूचे पारडे वापरा.

दांडीवाला

दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, पण इतका खटाटोप करण्यापेक्षा दांडीचा तराजू ठेवावा असे माझे मत आहे. दांडीचा तराजू वस्तुमानाची तुलना वस्तुमानाशी करतो, त्यामुळे त्याला ना तापावे लागते ना विजेची गरज, आणि गुरुत्वाकर्षण बदलले तरी त्याला फरक पडत नाही. लोड सेल बल मोजतो. विषुववृत्त आणि ध्रुव यांच्यामध्ये गुरुत्वाकर्षणात सुमारे अर्ध्या टक्क्याचा फरक आहे. ४३ ग्रेनवर तो ०.२ ग्रेनहून थोडा जास्त होतो. एवढा दूरचा प्रवास कोणी करत नाही हे मान्य, पण कारखान्यात कॅलिब्रेट झालेला काटा आपल्या जागी पुन्हा कॅलिब्रेट न करता वापरणारे पुष्कळ आहेत. दांडीच्या तराजूचे दोष डोळ्यांना दिसतात. दांडी ज्यावर टेकते त्या पात्याच्या धारेवर धूळ बसली की दांडी अडखळते, आणि ते पाहणाऱ्याला लगेच कळते.

दुसरे असे की एवढ्या बारकाईची गरज कुठे आहे, याचाही विचार व्हावा. ४३ ग्रेनमध्ये ०.१ ग्रेन म्हणजे पाव टक्क्याहून कमी. गोळीच्या वेगात त्याने पडणारा फरक ८०० मीटर प्रति सेकंदाच्या भरात साधारण २ मीटरच्या आत राहतो, आणि पुंगळ्यांच्या आतल्या आकारमानातल्या फरकाने किंवा पुंगळीच्या मानेची गोळीवर जी पकड असते तिच्याने तेवढा फरक सहज पडतो. जवळच्या अंतराच्या बेंचरेस्ट (रायफल टेबलावर टेकवून नेम धरण्याच्या) स्पर्धांतले अनेक नेमबाज पावडर तोलतही नाहीत, मापाने टाकतात, आणि त्यांच्या गोळ्यांचे लक्ष्यावरचे गट हेवा वाटावा इतके लहान येतात.

काटेकोर

सर्वांचे आभार. सुचवल्याप्रमाणे ‘एम १’ वर्गाची वजने आणून दोन्ही काटे तापवून तपासले. पहिला काटा ३ ग्रॅमला प्रत्येक वेळी ४६.३ दाखवतो, मात्र दाणा दाणा टाकताना तो खरोखरच अडून बसतो. पारडे उचलून ठेवले की आकडा ०.१ ते ०.२ ने उडी मारतो. दुसरा काटा ३ ग्रॅमला ४६.१ आणि ४६.२ यांमध्ये फिरतो, पण २०० मिलिग्रॅमला ३.१ बरोबर दाखवतो. याचा अर्थ तो पिस्तुलासाठी चालेल असा घ्यायचा का?

तोलूनमापून

तसा अर्थ घेऊ नये. जास्त वजनाला कमी दाखवणे आणि कमी वजनाला बरोबर दाखवणे, हे बहुधा कॅलिब्रेशनच्या वजनातल्या चुकीचे लक्षण असते: ४६ ग्रेनला जी तूट ०.१५ ग्रेन दिसते, ती त्याच प्रमाणात ३ ग्रेनला ०.०१ होते आणि पूर्णांकनात लपून जाते. त्यामुळे ३.१ दिसणे हा काट्याच्या गुणवत्तेचा पुरावा नाही. आता खात्रीच्या वजनाने त्याचे कॅलिब्रेशन पुन्हा करून पाहा. ४६.३ वर स्थिरावला तर काटा ठीक होता, त्याच्याबरोबर आलेले वजन भारी होते. मात्र एकाच वजनाला दोन आकडे येत राहिले, तर कॅलिब्रेशनने काही साधणार नाही.

पिस्तुलाच्या बाबतीत मी अधिक कडक राहीन. ४ ग्रेनमध्ये ०.२ ग्रेनची चूक ५ टक्के होते, आणि झपाट्याने जळणाऱ्या पावडरीत दाब त्याहून अधिक प्रमाणात वाढतो. म्हणून पावडर किती भरावी याच्या प्रकाशित तक्त्यातल्या कमाल मर्यादेच्या जवळ काम करायचे असेल तर काट्याची शक्य ती पूर्ण चूक वजा धरून खालीच थांबावे. दांडीवाल्यांचा वेगाचा हिशेब रायफलला लागू आहे, इथे नाही.

०.०२ ग्रेनच्या काट्याबद्दल विचारले होते. त्यांतले काही काटे लोड सेलचेच असतात, आणि १५०० ग्रेन क्षमतेवर पंचाहत्तर हजारांत एक भाग दाखवण्याचा दावा लोड सेलने केला तर मी त्याकडे संशयानेच पाहीन. चुंबकीय बलाने पारडे तोलून धरणारे काटे मात्र वेगळ्या जातीचे आहेत. त्यांत पारडे जागेवर ठेवायला कॉइलमधून किती प्रवाह लागला हे मोजतात, पट्टी वाकवत नाहीत, म्हणून ते लवकर स्थिरावतात आणि एकेक दाणाही त्यांना कळतो. लांब पल्ल्यासाठी भरत असाल तर तसा काटा घ्या. अन्यथा पहिला काटा, एक जोडी प्रमाण वजने आणि पारडे उचलून परत ठेवण्याची सवय एवढ्यावर आपले रायफलचे काम नीट चालेल. दुसऱ्या काट्याचा निर्णय नव्या कॅलिब्रेशननंतर घ्या.

दाणा_दाणा

त्यात एवढीच भर घालतो की दोन्ही काट्यांवर एककाचे बटण कुठे आहे ते पाहून ठेवा. चुकून धक्का लागून ग्रेनऐवजी ग्रॅम निवडले गेले, तर पडद्यावरचा तोच आकडा पंधरा पटीहून जास्त पावडर दाखवत असतो. रायफलच्या बाबतीत एवढी पावडर पारड्यातच मावणार नाही आणि चूक लगेच ध्यानात येईल. पण कॅरट (रत्ने तोलण्याचे एकक, ०.२ ग्रॅम) निवडले गेले तर फरक तिपटीचाच असतो, आणि मोठ्या पिस्तुली पुंगळीत तेवढी पावडर कधी कधी मावते.