मदत हवी आहे: हिवाळ्यातली सकाळची कवायत

मी मुंबईच्या पूर्व उपनगरात मुख्याध्यापिका आहे. डिसेंबर-जानेवारीत वारा पडतो, धूर-धूळ खालीच साचते. सकाळी सातच्या परिपाठाला समोरची इमारतही धूसर दिसते. मुलं प्रार्थनेतच खोकतात, काहींच्या दप्तरात दम्याचा पंप असतो. परिपाठ वर्गात आणला, मैदानावर पाणी मारलं. कवायत आणि खो-खोचं मात्र अडलंय. सभागृह नाही, दुपार अधिवेशन भरत असल्याने वेळही बदलता येत नाही. 'समीर' या सरकारी ॲपवर हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (जितका जास्त, तितकी हवा वाईट) रोज बघते. २०१ पासून 'खराब', तेव्हा मैदान बंद. पण १०१ ते २०० या 'मध्यम' पट्ट्यातही दमेकऱ्यांना त्रास होऊ शकतो, आणि मुलांना खेळायला तर मिळालंच पाहिजे. तुम्ही कोणत्या आकड्याला मैदान थांबवता, आणि बाकांच्या मधल्या जागेत कोणते व्यायाम घेता?